मोजणी होईपर्यंत

आमच्या साहेबांना चहा पाजणं ही सोपी गोष्ट नव्हती. कृषी खात्याचा माणूस गावात आला की त्याला पहिल्या ओट्यावर बसवायचं आणि हातात कपबशी द्यायची, अशी येवल्याकडच्या गावांची रीत. साहेब ओट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. एसटीतून उतरले की तडक शिवाराची वाट धरायचे. तीही सरळ नाही. शेत रस्त्याला लागून असलं तरी हा माणूस लांबून वळसा घालून शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा आणि तिथून वर बघायचा. त्यांच्या मागे शेतकरी, शेतकऱ्याच्या मागे पदराने कपबशी झाकून त्याची बायको, आणि सगळ्यांच्या मागे ठेचकाळत मी.

“चहा नंतर,” साहेब म्हणायचे. “आधी तुमची माती कुणाकडे राहायला गेलीय ते बघू.”

माती बहुतेक वेळा खालच्या शेजाऱ्याकडे गेलेली असायची. त्याच्या बांधाला तिचा ढीग लागलेला दिसायचा. साहेब वाकून त्यातली मूठभर उचलायचे आणि शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवायचे. “ही तुमची. परत न्यायची असेल तर पाट्या आणा.” शेतकरी ओशाळून हसायचा, आणि पुढचा तासभर चहा थंड होत राहायचा.

साहेब आमच्या कार्यालयात कृषी पर्यवेक्षक होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कोरा करकरीत कृषी सहाय्यक. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी पदवी घेऊन आलो होतो, ते पदविकेवर लागलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि कायमचं विसरून गेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला ‘पदवीधर’ अशीच हाक मारली. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा.

खरं सांगायचं तर मला ती नेमणूकच नको होती. मला निफाड नाहीतर दिंडोरी हवी होती. तिकडे द्राक्षं होती, पाणी होतं, बागायतदारांच्या जीपगाड्या कृषी सहाय्यकाला न्यायला-आणायला यायच्या म्हणे. माझ्या वाट्याला आली येवल्याच्या पुढची कोरडवाहू गावं. दोन-तीन एकरांचे तुकडे, वर मुरूम, खाली थोडी काळी माती. पाऊस आला तर बाजरी, आणि पाऊस आला तरी बाजरी बेताचीच. कारण पडलेलं पाणी शेतात थांबायचंच नाही. आलं तसं ओढ्याला पळायचं.

ते थांबवणं हे साहेबांचं एकमेव वेड. गारुड्याने साप अडकवावा तशी त्यांच्या खांद्यावर पारदर्शक नळीची वेटोळी असायची. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तीच नळी. तिच्यात पाणी भरायचं, दोन्ही टोकं दोन खुणेच्या काठ्यांना बांधायची, एक काठी एकाने धरायची, दुसरी दुसऱ्याने. दोन्हीकडचं पाणी खुणेला आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे पांढरी फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. अशा खुणा जोडत गेलं की उतारावर एक वेडीवाकडी आडवी रेघ उमटते. त्या रेघेला धरून पेरलं, मधे मधे दगडांचे बुटके बांध घातले, की पाणी अडतं आणि जमिनीत जिरतं. एवढीच विद्या. पुस्तकात ती मीही वाचली होती आणि परीक्षेत तिला चांगले गुणही मिळवले होते.

साहेबांना मात्र ती जिथेतिथे दिसायची. ते नाशकात इंदिरानगरला राहायचे. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. सकाळी आम्ही एकाच एसटीने निघायचो. खिडकीची जागा त्यांची, आणि येवला येईपर्यंत बाहेर बघत ते अनोळखी शेतकऱ्यांना रागवायचे. “बघ पदवीधर, उभा नांगरलाय. पाण्याला घसरगुंडी करून दिलीय.” पुढच्या सीटवरचा माणूस दचकून मागे बघायचा. माझ्या लग्नाला आले तेव्हा मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात पंगत बसली होती. साहेब पाटावर बसले, त्यांच्या पत्रावळीतली आमटी हळूहळू शेजारच्या पत्रावळीकडे निघाली. साहेब उठून उभे राहिले. “पंगत उताराला बसवलीय. आडवी घ्या.” एवढ्या अधिकाराने म्हणाले की वाढप्यांनी खरोखरच पंगत फिरवली. माझे सासरे पुढे बरीच वर्षं मला विचारायचे, तुमचे ते साहेब बरे आहेत ना.

कुणाच्या घरी शिरले की ते बादली आणि मीठ मागायचे. बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते स्वच्छ धुऊन सावलीत वाळवायचं आणि तेवढंच पेरायचं. रोगट दाणा असा वर येतो. पण नव्या गावातल्या बायकांना हे कसं कळावं? सरकारी माणूस सकाळी सकाळी मीठ मागत दारात उभा, म्हणून त्या घाबरून जायच्या. एका म्हातारीने त्यांच्या हातावर मीठ न देता भाकरी आणि कांदा ठेवला होता. साहेबांनी ते निमूट खाल्लं आणि मग पुन्हा मीठ मागितलं.

पण साहेबांची खरी गंमत होती ती त्यांच्या वहीत. कार्यालयाला आकडे हवे असायचे, हेक्टरी इतके क्विंटल. साहेबांचं म्हणणं, पुरुषांना पीक विचारलं की ते समोरचा माणूस बघून आकडा सांगतात. अनुदानवाला असला तर कमी, मुलगी बघायला आलेला असला तर जास्त. म्हणून ते बायकांना विचारायचे, आणि पोती विचारायचेच नाहीत.

“घरची बाजरी कुठपर्यंत पुरली?”

बायका क्षणाचाही विचार न करता सांगायच्या. संक्रांतीपर्यंत. होळीपर्यंत. कुणी एखादी जरा मान वर करून सांगायची, आखाजीपर्यंत. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तिथपर्यंत घरचा दाणा पुरला तर ते घर सुखी. साहेब वहीत तेच लिहायचे. डावीकडे नाव, उजवीकडे सण. एकदा घाईघाईत तोच तक्ता वर गेला. उत्पादनाच्या रकान्यात ओळीने संक्रांत, संक्रांत, होळी, दिवाळी. वरून शेरा आला, ‘खुलासा करावा.’ साहेबांनी खुलासा केला, ‘दिवाळी म्हणजे फारच कमी.’ ती फाइल पुढे कार्यालयात किती दिवस हातोहात फिरत होती.

त्या वहीत दोन भावांची नावं एकाखाली एक होती. थोरला पुंजाराम, त्याच्यापुढे होळी. धाकटा खंडू, त्याच्यापुढे संक्रांत. तो तो सण झाला की त्या त्या घराला कुलूप लागायचं आणि माणसं निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जायची, ती पेरणीच्या तोंडावर परत यायची. पुंजारामची बायको गयाबाई फारशी बोलणारी नव्हती. एकदा मात्र साहेबांनी ‘कुठपर्यंत’ विचारल्यावर ती म्हणाली, “सायेब, मला हे बी नि ते खत काय सांगू नका. घराला कुलूप लागनार नाय, असं कायतरी करा. ते लावताना लय वाईट वाटतं.”

साहेबांनी त्या दिवशी वही उघडली नाही. परतीच्या एसटीत त्यांनी एकाही उताराला नावं ठेवली नाहीत, म्हणून मला तो दिवस लक्षात राहिला.

त्या दोघांची जमीन म्हणजे वडिलांच्या सहा एकरांची वाटणी. आमच्याकडे वाटण्या होतात तशीच, उभी. डोंगराच्या बाजूपासून ओढ्यापर्यंत दोन लांब पट्टे. वरचा मुरूम दोघांना सारखा, खालची काळी माती दोघांना सारखी. न्याय म्हणून बघितलं तर चोख, पाण्याच्या अंगाने बघितलं तर सत्यानाश. अरुंद पट्ट्यात आडवं औत चालत नाही, दहा पावलं गेली की बैल वळवावे लागतात. म्हणून सगळे उभंच पेरतात, आणि औताने पाडलेल्या प्रत्येक चरातून पाणी खाली पळतं. बैलही वाटून घेतलेले, एकेक. पेरणीला तर जोडी लागते. मग पुंजाराम गावाच्या एका टोकाच्या माणसाशी बैलांची सावड करायचा, त्याचा एक आपला एक, आणि खंडू दुसऱ्या टोकाच्या. बांधावरच्या बाभळीची एक फांदी कुणी तोडली यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. अगदीच काही ऐकवायचं असेल तर ते बैलाला सांगायचे. “चल रे राजा. काही लोकांना बांध कोरायची सवय असती, आपल्याला नाय.”

साहेबांच्या मनात होतं की दोन्ही पट्टे मिळून एकच शेत धरायचं आणि आरपार आडवं पेरायचं. मी म्हटलं, साहेब, ही माणसं एकमेकांच्या अंत्ययात्रेलासुद्धा जाणार नाहीत.

“तू एक काम कर,” ते म्हणाले. “उद्या आजारी पड.”

“म्हणजे रजा टाकू?”

“रजा नाही. शेतातच आजारी पड. त्या बाभळीखाली पोट धरून बस. मी बोलावलं तरी उठू नकोस.”

वैशाख संपता संपताचं ऊन; दोन्ही घरं निफाडहून नुकतीच परतली होती. साहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं, तुझ्या पट्ट्याची पातळी काढायची आहे म्हणून. मी ठरल्याप्रमाणे बाभळीखाली विव्हळत बसलो. गयाबाई बिचारी पाण्याचा तांब्या आणि ओवा घेऊन धावत आली आणि चमचाभर ओवा मला चावायला लावून तिथेच बसली. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. “आता नळी धरायला माणूस नाही.” मग एक काठी पुंजारामच्या हातात दिली, दुसरी खंडूच्या, आणि स्वतः फक्कीचा डबा घेऊन मधे उकिडवे बसले.

आता या नळीचं असं असतं की धरणाऱ्याला फक्त आपल्याकडचं पाणी दिसतं. तिकडे काय झालं ते विचारल्याशिवाय कळत नाही. बराच वेळ दोघे आपापल्या काठीकडे बघत उभे राहिले.

“सायेब,” शेवटी पुंजाराम म्हणाला, “त्याला म्हना काठी वर घे.”

“मी फक्की टाकतोय,” साहेब म्हणाले. फक्कीचा डबा त्यांनी अजून उघडलाही नव्हता.

घामाची धार पुंजारामच्या नाकावरून खाली आली. दोन्ही हात काठीला, त्यामुळे ती पुसताही येईना. मग तो खंडूकडे न बघता, समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाला, “वर.”

“किती?” खंडूने डोंगरालाच विचारलं.

“बोटभर.”

“आता?”

“जास्त झालं. खाली.”

पहिल्या रेघेला तास लागला. दुसरीला अर्धा. तिसऱ्या रेघेला पुंजाराम चक्क ओरडत होता, “अरे खाली घे की येड्या, मानूस हाय का झाड,” आणि खंडू उलटून म्हणत होता, “तुझी काठीच तिरकी हाय, दादा.” त्या ‘दादा’वर गयाबाईने पदर तोंडाशी धरला. तांब्या तिच्या हातातच राहिला होता, आणि ज्याचं पोट दुखतंय तो शेजारी बसलाय हे ती साफ विसरली होती. माझ्या तोंडात ओवा जळजळत होता, तरी मला फार बरं वाटलं. नोकरीत आल्यापासून पहिल्यांदा द्राक्षांची आठवण आली नाही.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही सगळ्यांनी दगड वेचले आणि फक्कीच्या रेघांवर बांध घातले. मी आजारातून उठलो होतो. धनगराला गाठून साहेबांनी दोन्ही पट्ट्यांत मेंढ्या बसवल्या, लेंड्यांचं खत झालं. दोघांमधला मातीचा बांध मोडायचं ठरलं तेव्हा थोडी कुरबुर झाली, पण हद्दीचे तीन दगड होते. एक वर, एक मधे, एक खाली. ते राहतील, मग बांध कशाला, असं साहेबांनी समजावलं आणि ते दोघांना पटलं. पेरणीला चार वर्षांनी त्यांचे ते दोन बैल पुन्हा एका जुवाखाली आले. बाजरीच्या दर काही ओळींनंतर तुरीची ओळ घातली. खंडूने पेरणीची पाभर धरली, गयाबाईने चाड्यावर मूठ धरून बी सोडलं, आणि औत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं गेलं.

त्या वर्षी पाऊस बेताचाच होता, पण वरच्या मुरमावरही बाजरी उभी राहिली. गावातली माणसं बघायला यायची. साहेब त्यांनाही खालच्या कोपऱ्यातूनच शेत दाखवायचे.

आणि मग सोंगणीच्या दिवशी घोटाळा झाला. विळे घेऊन माणसं शेतात उतरली, आपापला पट्टा कापायचा म्हणून पुंजाराम हद्दीचा दगड बघायला गेला, आणि मधला दगड जागेवर नव्हता. खालचाही नव्हता. वरचा एक तेवढा होता, तोही बाभळीच्या बुंध्याशीच, पण एका जागेवरून रेघ ओढता येत नाही. खालच्या काळ्या मातीत तर कणसं हातभर लांब झाली होती. तिथे वीतभर इकडे-तिकडे म्हणजे फार मोठी गोष्ट.

आम्ही पोचलो तेव्हा पुंजारामच्या हातात विळा होता आणि तो खंडूच्या तोंडावर तोंड आणून बोलत होता. “चार वर्सं बांध कोरला तवा गप बसलो. आता दगडच खाल्ला व्हय रे?” खंडूही काही गप्प बसणारा नव्हता. “तुझ्याच पोटात असंल. काढ की भाईर.” दोघांच्या बायका मधे पडत होत्या. गावातली चार माणसं बांधावर उभी होती, आणि त्यातली दोन तर चांगली खुशीत दिसत होती.

साहेबांनी दोघांकडे बघितलं नाही. ते सरळ दुसऱ्या दगडी बांधाकडे गेले, खाली बसले आणि एका दगडावर हात ठेवला. मग खालच्या बांधाकडे जाऊन तसाच दुसऱ्यावर. मला दोन्ही ओळखू आले. त्यातला एक मीच उचलून त्यांच्या हातात दिला होता.

“दगड मी काढले,” साहेब म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“पुरलेले असते तर काढले असते का? माती वाहून गेलेली, सैल पडले होते. माझ्या रेघेत बरोबर बसत होते.” त्यांचा चेहरा शाळेत शाई सांडलेल्या पोरासारखा झाला होता. एवढा जाणता माणूस, सहा एकरांतला खळगा न खळगा पाठ असलेला, आणि हद्दीचा दगड त्याला दगडच वाटला.

“मंग कुटं व्हते ते दावा,” खंडू म्हणाला.

साहेब उठले. थोडे या बाजूला चालले, थोडे त्या बाजूला. बाजरीत शिरले, बाहेर आले. घाम पुसला. “मला वर-खाली बोटभरापर्यंत सांगता येतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “डावं-उजवं नाही सांगता येत.”

मला त्यांची इतकी दया आली की मी दुसरीकडे बघायला लागलो. पुंजारामने विळा खाली टाकला, तो समजुतीने नाही, संतापाने. आता या भांडणात पीक उभंच राहणार आणि पाखरं खाणार हे सगळ्यांना दिसत होतं. गयाबाई पुढे आली, तिने तो विळा उचलला आणि काळ्या मातीत, जिथे हद्द असेल असं दोघेही म्हणत होते नेमकी तिथेच, कापायला सुरुवात केली.

“हद्द तुमी शोधा,” ती मान वर न करता म्हणाली. “बाजरी औंदा एकाच खळ्यावर जाईल. रास पडली की पायलीनं निम्मी निम्मी. पुढचं पुढं.”

खंडूची बायको तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघी जावांनी दोन ओळी कापल्या तरी पुरुष उभेच होते. मग खंडू वाकला, आणि बऱ्याच वेळाने पुंजाराम.

खळ्यावर रास झाली त्या संध्याकाळी पुंजारामने मला सरकारी मोजणीचा अर्ज लिहायला लावला. मोजणी झाली की नवे दगड पुरायचे आणि पुन्हा ज्याचं त्याने करायचं, तोवर एकत्र. खाली पुंजारामने सही केली, खंडूने अंगठा उठवला. अर्ज साहेबांच्या हातात देत पुंजाराम म्हणाला, “तुमच्या हातानं दगड गेला, तुमच्याच हातानं अर्ज जाऊ द्या.” साहेबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, नीट घडी केली आणि वहीत ठेवला. त्या वर्षी दोघांची बाजरी होळी ओलांडून गेली. खंडूच्या घराला कुलूप लागलं, पण दीड-दोन महिने उशिरा.

पुढच्या पेरणीच्या आधी भावांनी विचारलं, “सायेब, मोजणीची तारीख आली का?”

“मोजणीचं काम,” साहेब म्हणाले. “वेळ लागतो.”

या उत्तरावर आपल्याकडे कुणी शंका घेत नाही. त्यांनीही घेतली नाही, मीही नाही. तारीख आली नाही म्हणून त्या वर्षी पुन्हा एकत्र आडवं पेरलं, पुन्हा एकाच खळ्यावर पायलीने वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. एकदा मी एसटीत धीर करून विचारलं की साहेब, ते दगड तुम्ही मुद्दाम काढले होते का. ते भयंकर दुखावले. “मुद्दाम? अरे, ते रेघेत बसत होते.” येवल्यापासून नाशिकपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मला हवी होती ती निफाडची बदली पुढे मिळाली. द्राक्षं बघितली, जीपमध्येही बसलो. बागायतदार माझ्याशी अदबीने बोलायचे आणि चहा सगळ्यात आधी द्यायचे. मी तो प्यायचो, आणि दर वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. संक्रांत उलटली की येवल्याकडून मजुरांच्या गाड्या यायच्या, तेव्हा मी उगाच त्यांच्यात पुंजाराम आणि खंडूचे चेहरे शोधायचो. पहिली दोन वर्षं दिसले. एका दुष्काळात तर दिवाळीनंतर लगेच दिसले, सगळेच. त्यानंतर दिसले नाहीत.

साहेब निवृत्त झाले तरी वर्षातून एकदा स्वतःच्या खर्चाने एसटीने त्या गावांना जायचे आणि दारोदार ‘कुठपर्यंत’ विचारून यायचे, हे मला ते वारल्यावर त्यांच्या पत्नीकडून, काकूंकडून, कळलं. मी इंदिरानगरच्या घरी भेटायला गेलो होतो. मोकळे प्लॉट सगळे भरून गेले होते, घर सापडायला वेळ लागला. काकूंनी वही माझ्यापुढे ठेवली. “ही तुम्ही न्या. नळी मात्र देणार नाही हं, मला कुंड्यांना पाणी घालायला लागते.” पत्नीला नळीचा एवढा सरळ उपयोग सापडलेला बघून साहेब काय म्हणाले असते, ते मनात आलं आणि मला तिथेच रडू आलं.

घरी येऊन वही चाळली. पुंजाराम आणि खंडू यांची दोन नावं काही वर्षांनी साहेबांनी महिरपी कंसात घातली होती आणि पुढे एकच सण लिहिला होता. आखाजी. मग दुष्काळाची ती दिवाळी. मग पुन्हा आखाजी, मग नागपंचमी. शेवटच्या नोंदीत सणच नव्हता. लिहिलं होतं, ‘जुनं संपायच्या आत नवं आलं.’ अक्षर कापरं झालं होतं. आणि त्या पानाशी चार घड्या घातलेला एक कागद होता. माझंच अक्षर, पुंजारामची सही, खंडूचा अंगठा. मोजणीचा अर्ज. त्यावर ना पोच, ना शिक्का. तो कधी वहीतून बाहेरच गेला नव्हता.

मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो. कागद त्या दोघा भावांचा होता, तो त्यांना द्यायला हवा होता. पण आता तिकडे रस्ता रुंद झाला होता, जमिनींचे भाव चढले होते, जो तो जमीन मोजून दगड पुरत होता. इतकी वर्षं सायबाने आपल्याला खेळवलं असं वाटून दोघे पुन्हा विळे घेऊन उभे राहिले तर? कागद फाडून टाकावा असंही एकदा वाटलं. शेवटी रविवारी येवल्याची एसटी धरली.

ते दोघे शेतातच होते. म्हातारे झाले होते. रस्त्यावरून दिसत होते तरी माझे पाय आपोआप वळसा घालून खालच्या कोपऱ्याकडे गेले, ते दोघांनी वरून पाहिलं आणि खाली आले. साहेब गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी वही उघडली आणि कागद पुंजारामच्या हातात दिला. “हा साहेबांकडेच होता,” एवढंच मला म्हणता आलं.

पुंजारामने तो लांब धरून सावकाश वाचला. वाचून झाल्यावर त्याने तो खंडूला दिला. खंडूला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा अंगठा त्याने ओळखला. त्यावर आपला आताचा अंगठा ठेवून बघितला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग जुन्या घड्यांवरून कागद पुन्हा दुमडला आणि माझ्या हातातल्या वहीत, होता त्या जागी सरकवला.

“असू द्या तितंच,” तो म्हणाला. “तारीख नाय आली अजून.”

पुंजाराम शेताकडे बघत होता. बाजरी नुकतीच निघाली होती, धसकटांच्या ओळी आडव्या पसरल्या होत्या. “मोजणीचं काम,” तो म्हणाला. “वेळ लागतो.”

वरून गयाबाई पदराने कपबशी झाकून येताना दिसली. शेत बघून झालं होतं. मी चहा घेतला.